दंड वाढवला, पण पकडणार कोण?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने मोटरसायकलला उडवले. मोटरसायकलवरचे दोघे तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणाला मुकले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर पबमधून निघाला होता, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि अपघातांविषयी 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. ही बातमी बाहेर आली तेव्हा राज्यभर संताप उसळला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा तो आणखी वाढला. कायदा कडक करा, जन्मठेप द्या, गाडीमालकाला आत टाका, अशा मागण्या चौकाचौकांतून होऊ लागल्या.

मुंबईने हाच संताप आधी पाहिला होता. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली आणि सात जण ठार झाले. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्यावर ओरड झाली आणि उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये ती कायम केली. अपघात आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला.

ज्यांचे माणूस गेले त्यांना न्याय मिळालाच पाहिजे आणि अपराधाला साजेशी शिक्षाही झालीच पाहिजे, याबद्दल दुमत असायचे कारण नाही. पण समाजाला दुसरा एक प्रश्नही सोडवावा लागतो. आज रात्री कुठल्यातरी ढाब्यावरून, बारमधून किंवा लग्नाच्या हॉलमधून दारू पिऊन गाडीची किल्ली हातात घेणारा माणूस वाढलेल्या शिक्षेमुळे थांबेल का? या प्रश्नावर जगाने ऐंशी-नव्वद वर्षे प्रयोग केले आहेत. काही फसले, काही साधले. त्यांचे निष्कर्ष बऱ्यापैकी स्पष्ट आहेत आणि आपल्याकडच्या चर्चेत ते क्वचितच येतात.

शिक्षेची तीन अंगे

मिलानच्या सेझारे बेकारिया या विचारवंताने 1764 मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. आधुनिक दंडशास्त्राचा पाया तिथे घातला गेला. शिक्षेचा धाक कशातून निर्माण होतो, हे त्याने उलगडून दाखवले. शिक्षा किती कठोर आहे, ती होण्याची खात्री किती आहे आणि ती किती लवकर होते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांतली खात्री सर्वांत परिणामकारक, असे त्याचे मत होते. चुकवता येईल अशा भयंकर शिक्षेपेक्षा हमखास होणारी मध्यम शिक्षा माणसाला जास्त आवरते.

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला हा विचार नेमका लागू पडतो, कारण हा गुन्हा बहुतेक वेळा पचतो. ब्रेथ ॲनालायझरचे यंत्र 1954 मध्ये तयार करणाऱ्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी अमेरिकेसाठी एक अंदाज मांडला होता: दारू पिऊन केलेल्या साधारण 2,000 फेऱ्यांमागे एकदा अटक होते. आठवड्यातून दोनदा पिऊन गाडी चालवणारा माणूस या हिशेबाने वीस वर्षांत जेमतेम एकदा सापडेल. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला, तरी शेकडो फेऱ्यांमागे एक अटक एवढेच प्रमाण उरते. शंभर वेळा सुखरूप घरी पोचलेल्या माणसाला कायद्याच्या पुस्तकात दंड 2,000 रुपये आहे की 10,000, याने फरक पडत नाही. त्याचा स्वतःचा अनुभव त्याला सांगत असतो की आपण सापडत नाही.

त्यात दारू पहिला घाला घालते तो माणसाच्या सारासार विचारावर. तीन पेग झाल्यावर कोणी दंडाचा हिशेब करत नाही. त्यामुळे कायद्याचा धाक पहिला घोट घेण्याआधी, घरातून निघताना वाटला पाहिजे: आज गाडी न्यायची की रिक्षाने जायचे, आणि परतताना चालवणार कोण? या क्षणी मनात आला तरच कायदा उपयोगाचा.

शिकागोचा नाताळ, नॉर्वेचा तुरुंग

1970 च्या डिसेंबरात शिकागोच्या वाहतूक न्यायालयाने जाहीर केले की दारू पिऊन गाडी चालवताना दोषी ठरणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस तुरुंगात काढावे लागतील. नाताळाच्या तोंडावर या घोषणेला भरपूर प्रसिद्धी मिळाली. अपघाती मृत्यू कमी झालेले दिसले आणि अधिकाऱ्यांनी मोहीम यशस्वी झाल्याचे सांगितले. अभ्यासकांनी मात्र शेजारच्या मिल्वॉकी शहराचे आकडे काढले. तिथे अशी कोणतीही मोहीम नव्हती. तुलना केल्यावर शिकागोतली घट वेगळी काढून दाखवता येण्याजोगी उरली नाही. सात दिवसांच्या तुरुंगाचा धाक रस्त्यावर पोचलाच नव्हता.

या अभ्यासात एच. लॉरेन्स रॉस हे समाजशास्त्रज्ञ होते. दारू आणि वाहन यांविषयीचे कायदे खरोखर चालतात का, हे तपासण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांनी स्कँडिनेव्हियाकडेही नजर वळवली. नॉर्वेने 1936 मध्येच रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्याने ठरवली होती आणि ती ओलांडणाऱ्याला बहुधा तुरुंगातच जावे लागे. स्वीडननेही 1941 मध्ये रक्तातल्या प्रमाणावर आधारलेला कायदा केला. तिथे कडक शिक्षेमुळे लोक पिऊन गाडी चालवत नाहीत, ही समजूत जगभर पसरली होती आणि अनेक देश त्यांचे उदाहरण देत असत. रॉस यांनी 1975 मध्ये त्या काळातले अपघातांचे आकडे वर्षावार मांडले. कायदा आल्यानंतर आलेख ठळकपणे खाली आला, असे त्यांना कुठे आढळले नाही. नॉर्वेने 1988 मध्ये आणि स्वीडनने 1990 मध्ये तुरुंगाची सक्ती सैल केली. त्यानंतरही अपघाती मृत्यू वाढले नाहीत.

स्कँडिनेव्हियातले रस्ते तुलनेने सुरक्षित आहेत, हे खरेच. पण तिथे दारूविषयी मोठ्या सामाजिक चळवळी झाल्या, दारूच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण आले आणि पिऊन गाडी चालवणे लाजिरवाणे मानले जाऊ लागले. सगळे श्रेय तुरुंगाच्या भिंतींना देता येत नाही.

पिवळे स्फटिक हिरवे होतात

ब्रिटनचा अनुभव जास्त बोलका आहे, कारण तिथे यश आणि अपयश दोन्ही एकाच कायद्याच्या वाट्याला आले.

बार्बरा कॅसल 1965 च्या अखेरीस ब्रिटनच्या परिवहनमंत्री झाल्या. त्या स्वतः गाडी चालवत नसत. गाडी न चालवणारी बाई आम्हाला काय शिकवणार, असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. पबमालक आणि मोटारचालकांच्या संघटना त्यांच्यावर उखडल्या होत्या. त्या मागे हटल्या नाहीत. त्यांनी आणलेला रस्तासुरक्षा कायदा 9 ऑक्टोबर 1967 रोजी लागू झाला. 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा ठरली. पोलिसांच्या हाती काचेची एक नळी आली, तिच्यात पिवळे स्फटिक होते. चालकाने फुंकल्यावर ते हिरवे झाले की त्याला ठाण्यात नेता येई.

या कायद्याचा जोर शिक्षा वाढवण्यावर नव्हता, बदलली होती पकडण्याची रीत. त्याआधी चालक नशेत आहे हे पोलिसाला त्याच्या बोलण्यावरून, चालीवरून सिद्ध करावे लागे आणि चांगला वकील ते खोडून काढी. आता एका आकड्याने निकाल लागू लागला. देशभर जाहिराती झाल्या, वर्तमानपत्रे या नळीच्या चर्चेने भरली. पहिल्या वर्षात रस्त्यांवरचे मृत्यू हजाराहून जास्त संख्येने घटले. आठवड्याअखेरच्या रात्री, म्हणजे पिणाऱ्यांच्या हक्काच्या वेळी, गंभीर आणि प्राणघातक अपघातांतले बळी सुरुवातीला दोनतृतीयांशांनी कमी झाल्याचे रॉस यांना दिसले.

हा परिणाम काही वर्षांतच ओसरत गेला. कायदा तोच, शिक्षा तीच, नळीही तीच होती. पण पोलिसांना सरसकट तपासणी करता येत नव्हती. संशयाला कारण असेल, वाहतुकीचा नियम मोडला असेल किंवा अपघात झाला असेल तरच फुंकायला सांगता येई. प्रत्यक्षात चाचण्या फार कमी होत. सुरुवातीला सगळ्यांना वाटले की आता सुटका नाही. हळूहळू एकेकाला अनुभवाने कळले की आपल्याला कोणी अडवत नाही आणि जुनी सवय परत आली. रॉस यांनी इथून काढलेला निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो. लोक कायद्याच्या कलमाला घाबरत नाहीत, पकडले जाण्याच्या शक्यतेला घाबरतात आणि ती शक्यता खोटी असेल तर ते त्यांच्या फार लवकर लक्षात येते.

याच ब्रिटनमधल्या स्कॉटलंडने 5 डिसेंबर 2014 रोजी मर्यादा 80 वरून 50 मिलिग्रॅमवर आणली. पुढे ग्लासगोच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्सशी तुलना करून पाहिले, तर स्कॉटलंडमधले अपघात त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. नव्या मर्यादेच्या जोडीला रस्त्यावरच्या चाचण्या वाढल्या नव्हत्या, हे त्याचे संभाव्य कारण संशोधकांनी दिले.

सिडनीच्या रस्त्यावर कोणालाही थांबवा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने ब्रिटनची चूक टाळली. 17 डिसेंबर 1982 पासून तिथल्या पोलिसांना कोणत्याही चालकाला, कसलाही संशय नसताना, थांबवून श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार मिळाला. नुसता अधिकार देऊन सरकार थांबले नाही. पहिल्या वर्षात सुमारे दहा लाख चाचण्या झाल्या आणि तेव्हा राज्यात चालक होते तीस लाखांच्या घरात. तपासणी मुद्दाम मोक्याच्या, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी होई आणि तिची जागा व वेळ सतत बदले. टीव्हीवर जाहिरातींचा मारा होता. ज्याला स्वतःला थांबवले गेले नाही, त्यानेही शेजाऱ्याला किंवा मेहुण्याला थांबवल्याचे ऐकलेले असे.

1980 च्या सुमारास या राज्यातल्या रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी जवळपास 40 टक्के मृत्यू दारूशी जोडलेले होते. पुढच्या काळात हा वाटा 20 टक्क्यांच्या खाली आला आणि ब्रिटनसारखा तो लगेच उसळून वर गेला नाही. कारण साधे होते: चाचण्या थांबल्या नाहीत. वर्षामागून वर्षे त्या लाखोंच्या संख्येने होत राहिल्या.

रॉस होमेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने या मोहिमेचा बारकाईने मागोवा घेतला. मित्रांच्या मैफलीत ‘आणखी एक घे’ असा आग्रह होतो, तेव्हा नाही म्हणणे अवघड जाते, हे आपल्याकडेही कोणाला सांगायला नको. होमेल यांना आढळले की चाचण्यांनी लोकांना एक सोयीचे, मान राखणारे कारण दिले. ‘आज गाडी चालवायची आहे, रस्त्यात पोलीस आहेत’ एवढे म्हटले की आग्रह थांबे. कोणाला भित्रा म्हणवून घ्यावे लागत नसे. कायदा असा मैफलीच्या रीतीभातीत शिरला की पोलीस नसतानाही तो काम करतो.

जपानचे उदाहरण आणि त्याची दुसरी बाजू

कडक शिक्षेच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण द्यायचे तर ते जपानचे. टोकियोला जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर 1999 मध्ये नशेतल्या ट्रकचालकाने एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली आणि दोन लहान मुली जळून मेल्या. आईवडिलांनी सह्यांची मोठी मोहीम उभारली. 2001 मध्ये धोकादायक वाहन चालवून मृत्यूला कारण होण्याचा वेगळा गुन्हा तयार झाला. 2002 मध्ये श्वासातल्या अल्कोहोलची मर्यादा खाली आली आणि दंड कित्येक पटींनी वाढला. 2006 च्या ऑगस्टमध्ये फुकुओका इथे पुलावर एका गाडीला मागून धडक बसली, ती समुद्रात कोसळली आणि तीन भावंडे बुडाली. धडक देणारा चालक प्यायलेला होता. पुढच्या वर्षी कायदा पुन्हा बदलला. चालकाबरोबर त्याला गाडी देणारा, दारू पाजणारा आणि तो प्यायला आहे हे माहीत असून शेजारी बसणारा, हे सगळे गुन्हेगार ठरले.

2000 मध्ये जपानमध्ये दारूमुळे झालेले प्राणघातक अपघात 1,200 हून जास्त होते. 2006 पर्यंत ते सहाशेच्या आसपास आले आणि पुढच्या दशकात दोनशेच्या खाली गेले. ही घट नाकारण्यात अर्थ नाही. तिच्यामागे नुसता तुरुंगवासाचा आकडा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते. तपासणी कडक होती आणि सह्या गोळा करणाऱ्या आईवडिलांनी देशाचे मन हलवले होते. शिवाय जबाबदारी टेबलाभोवतीच्या प्रत्येकावर आली होती. ग्राहक गाडी घेऊन आला आहे का, हे विचारणे दुकानदाराच्या हिताचे झाले.

वाढलेल्या शिक्षेची एक काळी बाजूही जपानला दिसली. अपघातानंतर थांबले आणि दारू सापडली तर लांबची शिक्षा ठरलेली. पळून गेले, रात्रभर दडून राहिले, नशा उतरल्यावर हजर झाले, तर शिक्षा तुलनेने हलकी. शरीर दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम अल्कोहोल निपटत असते. सहा तास काढले की पुरावा जवळपास पुसला जातो. म्हणजे जखमीला रस्त्यावर तसेच सोडून पळण्यात चालकाचा फायदा होऊ लागला. ही पळवाट बंद करण्यासाठी जपानला आणखी एक कायदा करावा लागला. तो मे 2014 मध्ये लागू झाला आणि दारूचा अंमल लपवण्यासाठी पळणाऱ्याला 12 वर्षांपर्यंत कैद ठरवण्यात आली.

आपल्याकडेही हा पेच आला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, अपघातात माणूस मेल्यावर पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली गेली. 1 जानेवारी 2024 ला ट्रकचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल संपेल या भीतीने महाराष्ट्रातल्या पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला थांबावे लागले. 1 जुलै 2024 ला संहिता अमलात आली, पण हे कलम वगळून. थांबलो तर जमाव मारेल, ही चालकांची भीतीही पोकळ नव्हती. शिक्षेचे आकडे ठरवताना अपघातानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत चालक काय करील, याचा विचार करावाच लागतो. जखमीचा जीव त्या मिनिटांवर अवलंबून असतो.

सापडल्यानंतर काय करायचे?

शिक्षेला काहीच अर्थ नाही, असे या सगळ्यावरून कोणी म्हणू नये. जो सापडला आहे, त्याच्यावर तिचा परिणाम होतो. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हॅन्सन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या पाच लाखांहून जास्त तपासण्यांची माहिती अभ्यासली आणि निष्कर्ष 2015 मध्ये मांडले. रक्तातल्या अल्कोहोलच्या 0.08 टक्के या मर्यादेच्या किंचित खाली असलेले आणि किंचित वर असलेले चालक त्यांनी शेजारी ठेवले. दोघांत तसा फरक नव्हता; एक नशिबाने सुटला, दुसरा शिक्षेला पात्र ठरला. शिक्षा झालेले चालक पुढच्या चार वर्षांत पुन्हा तोच गुन्हा करताना सुमारे 17 टक्के कमी प्रमाणात सापडले. 0.15 टक्क्यांच्या वर शिक्षा आणखी कडक होती, तिथे आणखी 9 टक्के घट दिसली. शिक्षा वाढवल्याने फरक पडतो, पण तो मर्यादित असतो आणि आधी माणूस सापडावा लागतो.

सापडल्यावर वेग महत्त्वाचा ठरतो. अलेक्झांडर वॅगनार आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2007 मध्ये अमेरिकेतल्या 46 राज्यांचे कायदे ताडून पाहिले. चाचणीत नापास होताच प्रशासनाने लायसन्स निलंबित केले, तर दारूशी संबंधित प्राणघातक अपघात सुमारे 5 टक्क्यांनी कमी होत होते. तेच लायसन्स कोर्टात खटला चालून दोषी ठरल्यावर गेले, तर परिणाम दिसत नव्हता. शिक्षा एकच होती, फरक फक्त ती कधी झाली याचा होता.

साउथ डकोटा राज्यात ॲटर्नी जनरल लॅरी लाँग यांनी 2005 मध्ये याहून वेगळी वाट धरली. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या चालकांना त्यांनी तुरुंगात कोंडले नाही. त्यांना रोज सकाळी आणि संध्याकाळी पोलिसांकडे येऊन यंत्रात फुंकायला लावले. श्वासात दारू सापडली की त्याच क्षणी अटक व्हायची आणि एक-दोन दिवस कोठडी मिळायची, जास्त नाही. चाचणीला येणाऱ्यांत नापास होणारे शंभरात एकही नसत. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात, ज्या काउंटींत हा उपक्रम सुरू झाला तिथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दुसऱ्यांदा होणाऱ्या अटका 12 टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका 9 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एक दिवसाची कोठडी सहा महिन्यांच्या कैदेच्या धमकीपेक्षा भारी ठरली, कारण ती चुकत नव्हती.

राजस्थानातली नाकाबंदी

आता आपल्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. ही मर्यादा इंग्लंडच्या निम्म्याहून कमी आहे, म्हणजे कागदावर आपण इंग्लंडपेक्षा कडक आहोत. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याचा दंड 2,000 वरून 10,000 रुपये झाला, दुसऱ्यांदा सापडल्यास 15,000. कैद अनुक्रमे सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत.

दंड पाचपट झाल्यावर रस्ते बदलले का? देशात रस्ते अपघातांत 2018 मध्ये 1,51,417 आणि 2019 मध्ये 1,51,113 माणसे मेली. करोनाच्या वर्षात आकडा खाली आला, पण 2022 मध्ये तो 1,68,491 वर गेला. यातले सगळे मृत्यू दारूमुळे झाले नाहीत आणि वाहनांची संख्याही वाढत होती, म्हणून दंडवाढ वाया गेली असे या आकड्यांनी सिद्ध होत नाही. पण तिने मोठा चमत्कार घडवलेला नाही, एवढे त्यातून दिसते. सरकारी अहवालांत दारूमुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा दोन-तीन टक्केच असतो. अपघातातल्या प्रत्येक चालकाचे रक्त तपासले जात नाही आणि अपघाताचे कारण बहुधा ‘अतिवेग’ असे एकच नोंदले जाते. त्यामुळे दारूचा खरा वाटा कागदावर येतच नाही. रोगाचे मोजमापच नीट होत नसेल, तर औषध लागू पडले की नाही हे कसे ठरवणार?

आपल्याच देशात या प्रश्नावर जगातल्या उत्तम प्रयोगांपैकी एक झाला आहे. राजस्थान पोलिसांबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि आयपीएस अधिकारी नीना सिंह यांनी तो केला. 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या कामासाठी बॅनर्जी आणि डफ्लो यांना मिळाले, त्याच पद्धतीचा हा प्रयोग होता. काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत रात्री एकाच, सर्वांत वर्दळीच्या जागी नाकाबंदी लावली. काही ठिकाणी ती तीन जागांमध्ये फिरती ठेवली. उरलेल्या हद्दींत नेहमीप्रमाणे काम चालू राहिले. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते.

जागा बदलणाऱ्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी कमी केले. एकाच जागच्या नाकाबंदीचा उल्लेखनीय परिणाम झाला नाही. लोक शिकत होते. पोलीस कुठे उभे असतात हे कळले की ते दुसऱ्या रस्त्याने जात. जागा बदलत राहिली की अंदाज चुकत आणि पिऊन निघण्याची हिंमत कमी होई. दंडाची रक्कम सगळीकडे सारखीच होती. मनुष्यबळ आणि यंत्रे तीच ठेवून, फक्त उभे राहण्याची जागा बदलून एवढे जीव वाचले.

महाराष्ट्रात आपण एका रात्रीपुरते हे सगळे करून दाखवतो. 31 डिसेंबरला मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकमध्ये चौकाचौकांत नाकाबंदी असते आणि दुसऱ्या दिवशी तळीरामांवरील कारवाईचे आकडे छापून येतात. मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वे त्या रात्री उशिरापर्यंत जादा लोकल सोडतात. पकडले जाण्याची खात्री आणि घरी जायला दुसरे साधन, या दोन्ही गोष्टी त्या रात्री एकत्र येतात. म्हणूनच एरवी बिनदिक्कत गाडी काढणारा माणूसही त्या रात्री टॅक्सी बघतो. मुंबई वाहतूक पोलिसांनी 2007 पासून ड्रंक अँड ड्राइव्हविरुद्ध जोरदार मोहीम उघडली, तेव्हाही शहराने हा बदल थोडाफार अनुभवला. प्रश्न उरलेल्या 364 रात्रींचा आहे. जिल्ह्यांच्या रस्त्यांचाही आहे, कारण तिथे ढाब्यावरून दुचाकीवर निघालेल्या माणसाला ना नाकाबंदी भेटते, ना रात्रीची एसटी.

आणि चिरीमिरीचाही आहे. दंड पाचपट झाला आणि पकडले जाण्याची पद्धत जुनीच राहिली, तर तडजोडीची रक्कम तेवढी वाढते. चाचणीचा आकडा यंत्रातून थेट नोंदला जाणे, नाकाबंदीच्या पथकाची जागा आणि वेळ तपासली जाणे, अपघातानंतर ठरलेल्या वेळेत रक्त घेऊन ते मोहोरबंद होणे, या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात. कल्याणीनगरच्या प्रकरणात लोकांचा विश्वास तुटला तो नेमका याच टप्प्यावर.

तेव्हा कडक शिक्षेने दारू पिऊन गाडी चालवणे कमी होते का, याचे उत्तर असे: एकट्या शिक्षेने फारसे होत नाही. वारंवार, अनपेक्षित जागी होणारी तपासणी, लगेच होणारे लायसन्सचे निलंबन आणि महिन्यांत निकाली निघणारे खटले यांची जोड मिळाली, तर मध्यम शिक्षाही पुरते. ही जोड नसेल, तर जन्मठेपेचे कलमही कागदावरच राहते.

पुढच्या अपघातानंतर कायदा कडक करण्याची मागणी पुन्हा होईल. वाचकांनी त्या वेळी आपल्या आमदाराला, पालकमंत्र्याला आणि पोलीस अधीक्षकांना चार प्रश्न जरूर विचारावेत, गरज पडली तर माहिती अधिकारात विचारावेत. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती रात्री श्वासचाचणी झाली? किती चालकांची झाली? सापडलेल्यांपैकी किती जणांचे लायसन्स महिन्याभरात निलंबित झाले? किती खटले वर्षाच्या आत निकाली निघाले? ही उत्तरे दरवर्षी जाहीर करणे सरकारवर बंधनकारक झाले पाहिजे आणि ती मागणी आपण लावून धरली पाहिजे.